कटरबाईंनी विचारलेला प्रश्न

गणवेश शिवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात मोठ्या कात्रीने कापड कापायचं काम कटरबाईंचं. अठरा वर्षांत एक बाही वाकडी गेली नाही. कानात एक आवाज मात्र अधूनमधून बडबडायचा, "चुकलीस, सगळे हसतायत." डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला होता, गोळ्या दिल्या होत्या, बाई त्या नेमाने घेत. तरी कधी शंका आलीच, तर शेजारी काजं करणाऱ्या मैत्रिणीला हळूच विचारत, "कुणी हसलं का गं?" ती म्हणे, "कुणी नाही," की कात्री पुन्हा सुरू.

एकदा सुपरवायझरने त्या गोळ्या पाहिल्या. अडाणी परवडला, पण हा सिनेमे पाहून मनाचा डॉक्टर झालेला! "हिच्या आत दोन बायका आहेत. एक कापड कापते, दुसरी आपल्याला कापेल," असं त्याने जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं. झालं! सगळे दुसऱ्या बाईची वाट पाहू लागले. ती काही येईना. या आजारात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत, खरं आणि भास यांतली रेघ पुसट होते, हे बाईंना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. त्यांनी ते सांगूनही पाहिलं, पण ऐकायला वेळ कुणाला? मालकांपुढे साखर आणि कामगारांपुढे मिरची अशी दोन तोंडं घेऊन खुद्द सुपरवायझर रोज हिंडायचा. त्याला कुणी तपासायला नेलं नाही.

बाईंच्या हातची कात्री गेली आणि समोर बटणांचा डबा आला. कापायला सुपरवायझरचा मेव्हणा बसला. या शहाण्याने नवव्या दिवशी शंभर शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापून ठेवल्या.

मालक तणतणत आले. "कुणी कापलं हे?"

"या बाईंनी, साहेब," सुपरवायझरने गळा दाटून आणला. "आजारी आहेत बिचाऱ्या. त्यांना आठवतही नसेल."

तीस माणसं होती तिथे, साठ धडधाकट डोळे. पण शिलाईत एवढा जीव त्यांनी आजवर कधी ओतला नव्हता. मेव्हणा तर जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचायला लागला.

बाई मैत्रिणीकडे वळल्या. "नऊ दिवस मी बटणंच लावतेय ना गं?"

मैत्रिणीने मान वर केली नाही. "मला काय माहीत? माझं लक्ष नव्हतं."

मालकांचा आवाज एकदम मऊ झाला. वेड्यांशी मऊच बोलायचं असतं, एवढे संस्कार होते त्यांच्यावर. "आता घरीच आराम करा," ते म्हणाले. बाईंनी आपला जेवणाचा डबा उचलला, चपला घातल्या आणि निघाल्या.

फाटकापाशी मैत्रीण धावत आली. "तू बटणंच लावत होतीस गं. मला माहीत आहे. पण माझीही नोकरी गेली असती."

"मलाही माहीत होतं," बाई म्हणाल्या. "आज मी माझ्यासाठी नव्हतं विचारलं."