भरलेली कपाटं

विक्रोळीच्या त्या मराठी शाळेत सुगंधा परबला मागून सगळे ‘फुरसं’ म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. फुरसं म्हणजे कोकणातला एवढासा साप, पण पाय पडला की सोडत नाही. पडू नये ना मग पाय.

तिचा राग काही आजकालचा नव्हता. गिरणी बंद पडून बाप घरी बसला तेव्हा खोलीत सहा माणसं, आणि बापाचं डोकं सतत तापलेलं. शाळा सुटली तरी ही पोर लायब्ररीत बसून राहायची. तिथल्या बाई काही विचारायच्या नाहीत आणि उठवायच्याही नाहीत. पुढे ग्रंथपालाचा कोर्स केला तो एवढ्याचसाठी, की आपल्याकडेही अशी एक खोली असावी जिथून पोराला कुणी उठवणार नाही. नोकरी मिळाली ती अर्धवेळ. केस पांढरे झाले तरी अर्धवेळच राहिली. आता अर्धवेळ हे म्हणायला हो. गणिताचे सर रजेवर गेले, पाठवा परबबाईंना वर्गावर. खिचडी वाटायला माणूस नाही, परबबाई आहेत की. त्यांना काय काम असतं, पुस्तकं तर सांभाळायची. हे ऐकलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची.

अशात संस्थेचे चिटणीस बळवंतराव सामंत यांच्या मनात आलं, की दुसऱ्या मजल्यावरची लायब्ररीची खोली एका खाजगी क्लासला द्यावी. कपाटं काय, जिन्याखालीही राहतील. जिन्याखाली पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. तिथे पुस्तकं ठेवणं म्हणजे ती कुजत घालणं, पण हे बळवंतरावांना सांगणार कोण? ते जिन्याखाली कधी वाकले होते?

सुगंधाने सांगितलं, वर समितीच्या कानावरही घातलं. शाळांमधल्या लायब्रऱ्या टिकाव्यात म्हणून मुलुंड-घाटकोपरकडचे काही पालक, निवृत्त मुख्याध्यापक आणि प्राध्यापक एकत्र आले होते, ती ही समिती. तिचे पुढारी हर्षद वालावलकर, कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवणारे. माणूस सज्जन, फक्त बोलायला लागला की थांबत नसे. आणि नमिता, घाटकोपरची, दोन मुलांची आई, तोंडाने फटकळ पण कामाला वाघ. या दोघांनी बळवंतरावांचा पिच्छा पुरवला आणि एवढं कबूल करून घेतलं, की शनिवारी येऊन लायब्ररी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच काय ते ठरवायचं.

झालं. साहेब येणार म्हटल्यावर आपल्या शाळांना एकच गोष्ट सुचते. झाडा, पुसा, झाका.

“परबबाई, संग्रह कसा भरगच्च दिसला पाहिजे,” हर्षद सर म्हणाले. सुगंधाला ते पटलं, हेच तर दुर्दैव. कपाटात फट दिसली की तपासनीस विचारतो, पुस्तक हरवलं का? तिने जन्मभर हेच ऐकलेलं. तिनेच वर्गावर्गांतून सूचना फिरवली, शुक्रवारपर्यंत सगळी पुस्तकं जमा करा. सातवीतली ऋतिका पुस्तक छातीशी धरून आली. “बाई, शेवटचा धडा राहिलाय. सोमवारी आणते ना.”

“आत्ताच्या आत्ता दे,” सुगंधा म्हणाली, आणि पोरीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं.

नमिताने पोरांच्या चार आयांना बसवून फाटक्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. पोरांच्या हाताचे डाग, वरणाचे थेंब, दुमडलेल्या कडा, सगळं झाकून टाकलं. शनिवारी पोरांनी वर यायचं नाही असंही ठरलं, उगाच गोंधळ नको म्हणून.

बळवंतराव आले. कपाटावरून बोट फिरवत चालले, धूळ नव्हती. एक पुस्तक काढून कव्हर बघितलं आणि परत ठेवलं. “वा. एकदम कोरी करकरीत. सध्या मुलांकडे किती पुस्तकं आहेत?”

“एकही नाही, साहेब,” हर्षद सर अभिमानाने म्हणाले. “सगळी जागेवर.”

“आणि मुलं कुठे आहेत?”

“खाली. मैदानावर.”

बळवंतराव हसले. “मग सर, वाचतं कोण? पुस्तकं नवी, कपाटं भरलेली, खोलीत एक पोर नाही. हे गोडाऊन आहे. गोडाऊन जिन्याखालीही चालतं. मी चहा घेऊन येतो, क्लासवाले मापं घ्यायला आलेच आहेत.”

ते गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नमिता मटकन खाली बसली. “वाट लावली ना आपण,” ती म्हणाली. हर्षद सरांनी घसा साफ केला. “आपण निवेदन देऊ. तज्ज्ञांच्या सह्या घेऊ. खरं तर वाचनाची आकडेवारी...”

“गप रवा हो जरा,” सुगंधा म्हणाली. राग चढला की तिची मालवणी वर यायची. “तुमची आकडेवारी घाला चुलीत. इतकी पोरां रोज हंय येतत, आणि आमीच त्यांका हाकलला. माझ्या हातान मी ओढून घेतलंय पुस्तक.” बळवंतरावांचा राग आला होता, या सरांचाही आला होता, पण स्वतःचा जो आला होता त्याला तोड नव्हती. ज्या बाईंनी तिला कधी उठवलं नाही, त्यांच्यासारख्याच खुर्चीत बसून तिने पोरांना उठवलं होतं.

ती तरातरा गॅलरीत गेली आणि कठड्यावरून ओरडली. “अरे ए, खेळ बंद करा. वर या. सगळेच्या सगळे.”

पोरांना वाटलं, आता मार बसणार. जिन्यावर धडधड झाली, दारात घोळका थबकला.

“बघताय काय? घ्या पुस्तकं. पाहिजे ती घ्या. घरी न्या.”

“कार्डावर लिहायचं ना, बाई?”

“सोमवारी लिहू. एकेकाला ओळखते मी.”

नमिता उठली आणि दाराशी रांग लावायला लागली. हर्षद सर वरच्या खणातली पुस्तकं काढून लहान पोरांच्या हातात द्यायला लागले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. पोरांनी हातोहात कव्हरं ओरबाडली, कारण कव्हराखाली आपलं पुस्तक कुठलं ते दिसेना. जमिनीवर खाकी कागदांचा खच पडला. सुगंधाने ऋतिकाचं पुस्तक स्वतः शोधून तिच्या हातात ठेवलं. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाली.

बळवंतराव चहा पिऊन आले. मागे टेप घेतलेला क्लासचा माणूस. कपाटांचे दरवाजे उघडे, खण मोकळे. खिडकीखाली दहा-बारा पोरं वाचत बसलेली, त्यातल्या एकानेही मान वर केली नाही.

“पुस्तकं कुठे गेली?”

“कन्नमवार नगर, पार्कसाइट, टागोर नगर,” सुगंधा म्हणाली. “पोरांच्या घरी.”

“हा काय प्रकार आहे? परत कधी येणार ती?”

“वाचून झाली की येतील.” ती दारात उभी राहिली, नेमकी टेपवाल्याच्या वाटेत. “आणि तेव्हा त्यांना ठेवायला ही खोली लागेल. आता या पोरांना उठवायचं असेल तर तुम्ही स्वतः उठवा, साहेब. मी उठवणार नाही.”

बळवंतरावांनी खिडकीकडे पाहिलं. ऋतिका शेवटच्या धड्यावर होती. टेपवाल्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.