आतोबांच्या दोन सायकली

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, जन्मात एकाच गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवला, आणि ती गोष्ट म्हणजे सायकल. देवावरही होता, पण तो आत्याच्या भिडेखातर. सरकारवर नव्हता, डॉक्टरवर नव्हता आणि बैलावर तर मुळीच नव्हता. माणसाची सगळी दुःखं चार पायांच्या आणि चार चाकांच्या वाहनांमुळे आहेत. ज्या दिवशी घरोघरची माणसं बायकापोरांसकट सायकलीवर बसतील, त्या दिवशी जगातली लढाई आपोआप थांबेल, असं ते भर बाजारात सांगत. लढाई तेव्हा खरोखरच चालू होती, त्यामुळे ऐकणारे हळूच काढता पाय घेत. आत्या नुसती कपाळावर हात मारी. मी नोकरीच्या निमित्ताने वाशीमला त्यांच्या घरी राहायला गेलो आणि महिन्याभरात ती सवय मलाही लागली.

हे वेड लागायला शेजारचे शेटजी कारण झाले. शेटजी जैन, कापसाचे व्यापारी, आणि त्यांच्याकडे मोटार होती. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटार पडवीत उभी राहिली. मागच्या गादीवर मांजर व्यालं. पण लग्नाकार्याला मोटारीशिवाय जाणं शेटजींना कमीपणाचं वाटे, म्हणून ते मोटारीला बैलजोडी जुंपत. पुढे बैल, मध्ये मोटार, आत फेटा बांधलेले शेटजी आणि सुकाणूचं चाक दोन्ही हातांनी आवळून बसलेला ड्रायव्हर, अशी ती स्वारी निघाली की आतोबा वाटेत थांबून आदराने विचारत, "शेटजी, तेल कोनाले पाजता? मोटारीले का बैलाले?"

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण दुसऱ्याची फजिती पाहून स्वतः शहाणं होण्याची त्यांना खोड होती. घरात माणसं न्यायची चांगली दमणी होती, तिला शोभेल अशी बैलजोडी होती. आत्या माहेरी जायला बोचकं बांधून अंगणात आली, तो दमणीच्या जागी सायकल उभी. दमणी विकली होती, बैल विकले होते, आणि घरात कुणाला विचारलं नव्हतं. आत्या बोचक्यासकट खाली बसली. आतोबा तिला समजावू लागले, "बैलाले कडबा लागते, मोटारीले पेट्रोल लागते. इले काय लागते? दोन भाकरी. त्या बी मलेच."

आत्याने शेवटी हात टेकले आणि ती कॅरिअरवर बसली. बसताना पदराने सगळं तोंड झाकून घेई. असं केलं म्हणजे आपल्याला कुणी ओळखत नाही, अशी तिची समजूत होती. पण अख्ख्या वाशीमात नवऱ्यामागे सायकलीवर बसणारी बाई एकच, तेव्हा तोंड झाकून काय उपयोग? दुकानदार तिला पाहून आतोबांना रामराम घालत आणि ती पदराआड रडकुंडीला येई. एकदा ती बालाजीच्या देवळापाशी गुपचूप उतरली आणि घरी चालत आली. आतोबा मात्र मागे बघायचे नाहीत. ते तिच्याशी मुलांच्या आजारपणावर बोलत बोलत थेट कापसाच्या बाजारापर्यंत गेले. घरी आल्यावर म्हणाले, आज पहिल्यांदा तू माझं सगळं ऐकून घेतलंस.

पावसाळ्यात तर हसावं की रडावं ते कळत नसे. आमच्याकडची जमीन काळी. चिखल मडगार्डमध्ये गच्च बसला की चाक जागचं हलत नाही. मग आतोबा सायकल खांद्यावर घेऊन शेतावर जात आणि खांद्यावर घेऊनच परत येत. आठ महिने सायकल त्यांना वाही, चार महिने ते सायकलीला. लोक हसले तर म्हणत, तिने इतके दिवस नेलं, आपण तिला चार दिवस न्यायला काय झालं? असल्या माणसाशी वाद घालून दगडावर डोकं आपटण्यापलीकडे काही पदरात पडत नाही.

हे सगळं आम्ही सोसलं असतं. पण आतोबांना एक मुलगी होती. वच्छला तिचं नाव, घरात सगळे वच्छी म्हणत. आतोबांनी अकोल्याच्या एका नर्सबाईकडून दांडी नसलेली बायकांची सायकल विकत आणली आणि बाजार भरत नसे त्या दिवशी मोकळ्या मैदानात वच्छीला शिकवली. पोरगी जात्याच हुशार. लुगड्याचा काचा घट्ट मारून ती गिरणीतून दळण आणी, शेतावर भाकरी पोचवी, धाकट्या भावाला ताप चढला तर औषध घेऊन येई. एरवी ती फारशी बोलत नसे. सायकलीवर बसली की मात्र तिचा चेहरा असा काही उजळे की पाहणाऱ्यानेही थोडा वेळ आपली काळजी विसरावी. आत्या सोडून. आत्याला त्या चेहऱ्यामागे बिनलग्नाची मुलगी दिसत होती.

आणि तिचं चुकत नव्हतं. पहिलं स्थळ कारंज्याचं आलं. पाहुणे मोटारस्टँडवर उतरणार, तर रीतीप्रमाणे त्यांना आणायला दमणी पाठवायची. शेटजी बिचारे आपली बैलांची मोटार द्यायला तयार होते. आतोबांनी ऐकलं नाही. एका सायकलीवर ते आणि दुसऱ्या सायकलीवर मी, असे आम्ही व्याह्यांना आणायला गेलो. मुलाचे वडील अंगाने भारदस्त, धोतर कडक इस्त्रीचं. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आता परत जावं की बसावं असा विचार करीत आतोबांच्या मागे बसले. बाजारपेठेच्या मधोमध धोतराचा सोगा साखळीत गेला. साखळी सोडेना, सोगा निघेना. शेवटी शिंप्याच्या दुकानातून कात्री आणावी लागली. पाहुणे उरलेलं धोतर दोन्ही हातांनी सावरत घरी आले, पोहे न खाता मुलगी पाहिली आणि न हसता निघून गेले. निरोप काय येणार हे आम्हाला माहीत होतं. वाटेत आतोबा मला म्हणाले, चूक आपलीच, साखळीला झाकण बसवून घ्यायला हवं होतं.

त्यानंतर जी स्थळं आली ती आधी चौकशी करून आली, आणि चौकशी केली की आलीच नाहीत. मुलगी सायकल चालवते, एवढं वाक्य पुरे होई. वच्छीच्या मैत्रिणी कडेवर मूल घेऊन माहेरी येऊ लागल्या. आत्याने सोळा सोमवार धरले. वच्छीने एक दिवस आपण होऊन सायकल भिंतीला लावली आणि दळण डोक्यावरून आणलं. आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटी आसेगावचं स्थळ आलं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा शांत. मुलाच्या चुलत्याने ओसरीवर बसून सरळ सांगितलं, "पोरगी पसंत हाये आमाले. पन सायकल इथंच राहीन. तिकडं सायकलीचं नाव बी काढाचं नाई."

आम्ही सगळे आतोबांकडे पाहू लागलो. तहसीलदाराशी सायकलीवरून तासभर हुज्जत घातलेला हा माणूस. आता काय बोलतो आणि लग्न कसं मोडतो, या भीतीने आत्या देवाचं नाव घेऊ लागली. आतोबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. दारामागे वच्छीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"बरं," आतोबा म्हणाले.

आत्या देवापुढे साखर ठेवायला धावली. आतोबा उठून मागच्या पडवीत गेले आणि वच्छीच्या सायकलीच्या तारा आवळत बसले. त्या आधीच आवळलेल्या होत्या. मला त्यांचा राग यावा इतका त्यांनी त्या घराला छळलं होतं, पण त्या दिवशी मला रडू आलं.

लग्न झालं. पाठवणीला शेटजींनी मोटार दिली, बैलांसकट, आणि आतोबांनी ती मुकाट्याने घेतली. बैल चालू लागले, वाजंत्री पुढे गेली, आणि आतोबा सायकल हातात धरून मोटारीच्या कडेने चालत राहिले. वेशीपाशी वच्छीने खिडकीतून मान बाहेर काढली. आता मुलगी गळा काढणार म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"बाबा," वच्छी म्हणाली, "माह्या चाकात हवा भरून ठेवजा. हवा गेली का टायर चिरते."

पुढे रस्ते वाळले की आतोबा लेकीला भेटायला आसेगावला जात. स्वतः एका सायकलीवर बसत आणि वच्छीची सायकल एका हाताने धरून बाजूने चालवत नेत. वाटेतले गुराखी या रिकाम्या सायकलीला हसत. एकदा मीही त्यांच्यासोबत गेलो. वच्छीच्या घरची माणसं चांगली, त्यांनी गूळपाणी दिलं, विचारपूस केली. सायकलीकडे मात्र कुणी पाहिलं नाही. वच्छी डोक्यावरून पदर घेऊन चहा द्यायला आली. आत जाता जाता तिने लिंबाला टेकवलेल्या आपल्या सायकलीचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, एवढंच. संध्याकाळी आतोबा दोन्ही सायकली घेऊन निघाले. मी वैतागून म्हणालो, ती कधी बसणार नाही हे ठाऊक असताना हे ओझं दर वेळी कशाला वागवता?

"एखांद्या दिवशी ते लोकं हो मनतीन," आतोबा म्हणाले. "तवा सायकल वाशीमले असली तं? तिचा तो दिवस वाया जाईन ना."

तो दिवस आला नाही. लढाई संपली, पेट्रोल आलं, शेटजींची मोटार पुन्हा आपल्या पायांवर धावू लागली, आणि एका हिवाळ्यात आतोबा चार दिवसांच्या तापाने गेले. डॉक्टरला बोलवायचं नाही, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

वच्छी दिवसकार्याला आली होती. सगळं आटोपल्यावर ती मागच्या पडवीत गेली, मीही मागे गेलो. दोन्ही सायकली भिंतीला उभ्या होत्या. तिने खाली वाकून आपल्या सायकलीचा टायर दाबला, मग दुसरा दाबला. दोन्ही टणक होते. हवा तू भरलीस का, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. जिने जन्मभर त्या यंत्राला शिव्या घातल्या, पदराआड तोंड लपवलं आणि अर्ध्या वाटेत उतरून चालत घर गाठलं, तीच ही आत्या.

"सकाळी भरली मीनं," ती म्हणाली. "ते असते तं त्यायनंच भरली असती."

वच्छी सायकलीवर बसली नाही. पदराने सीटवरची धूळ पुसली, पंप खुंटीला नीट अडकवला आणि आईजवळ जाऊन बसली.