मोठ्या खाचरातला फुटबॉल

"बांध फोडायचा म्हंजे? मग भात कुटं लावायचं, तुमच्या टाळक्यावर?" सगुणाबाई पिठाचे हात तसेच घेऊन चुलीपासून उठली आणि ओसरीवर आली.

"सगळा कुटं म्हनतोय मी? दोन खाचरांच्या मधला तेवढाच," हैबतराव म्हणाला. तो पायरीवर बसून फुटबॉलला एरंडेल चोळत होता.

"मधलाच तर पानी धरतोय. त्यो फोडला की वरचं पानी खाली, खालचं वढ्याला. मोठ्या खाचरातला आंबेमोहोर वाळवंटात लावायचा व्हय?"

"एक साल न्हाई लावला तर काय हुतंय?"

सगुणाबाईनं सासूकडं पाहिलं. तुळजाबाई जात्याला टेकून सुपारी कातरत होती. तिनं सुनेकडं पाहिलं नाही.

"असू दे गं. त्याचा बा तमाशाच्या नादानं म्हैना म्हैना गायब असायचा," ती म्हणाली. "ह्यो निदान गावात तरी दिसतोय."

हैबतरावाचं हे वेड खडकीहून आलं होतं. लढाईच्या दिवसांत तो तिथल्या पलटणीच्या भटारखान्यात भांडी घासायला होता. संध्याकाळी गोरे सोल्जर फुटबॉल खेळत आणि गोलाच्या मागं हैबतराव उभा राही. चेंडू बाहेर गेला की पळत जाऊन आणायचा आणि फेकून द्यायचा, एवढं त्याचं काम. चार वर्षं त्यानं ते इमानानं केलं. लढाई संपली, गोरे गेले, हैबतराव पौडजवळच्या आपल्या गावी परत आला, आणि दोनचार वर्षांत 'आणून देत होतो' हे 'खेळत होतो' झालं. ते कधी झालं हे त्यालाही सांगता आलं नसतं. गावात खोटं पाडायला कोणी खडकीला गेलेला नव्हता.

पौडला एसटीच्या थांब्याजवळ रमजानचं सायकलचं दुकान होतं. चेंडूतल्या ब्लॅडरला ठिगळ लावावं ते रमजाननंच, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओही त्याच्याकडंच होता. मुंबईत रोव्हर्स कपाची फायनल लागली की हैबतराव कामधाम टाकून तिथं जाऊन बसे. त्याचा संघ हैद्राबादच्या पोलिसांचा. कारण विचारलं तर म्हणे, "पोलीस कुटं हरत्यात व्हय?" रेडिओवर सगळं इंग्रजीत चाले. हैबतरावाला इंग्रजीतले दहाबारा शब्द येत, तेही साहेबाच्या शिव्यांतले. तरी दुकानातल्या सगळ्यांना तो अर्थ सांगे. रेडिओतला माणूस जोरात बोलला की गोल पोलिसांचा, हळू बोलला की गोल हुकला तो समोरच्यांचा. असं करून त्याच्या पोलिसांनी रमजानच्या दुकानात एकही सामना गमावला नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसटीनं पेपर येई. त्यात कधी वेगळं छापलेलं असलं तर रमजान गंभीरपणे म्हणे, "छापनाऱ्याची चूक हाय, हैबतराव." आपल्या दुकानात गर्दी व्हावी म्हणून रमजान काहीही म्हणाला असता.

तीन वर्षांपूर्वी हैबतरावानं गावातली अकरा पोरं जमवली आणि भात काढल्यावर मोठ्या खाचरात बांबूचे गोल रोवले. त्या खाचरात भातामागं हरभरा होत असे. तो बंद झाला. सगुणाबाई तेव्हा गप्प राहिली, कारण हरभरा नसला तर माणूस मरत नाही. बायका अशाच ठिकाणी गप्प राहतात आणि नवरे मग तेच धरून बसतात.

खाचराला चारी बाजूंनी कमरेएवढा बांध. चेंडू कुठंही मारा, बांधावर आपटून परत येणार. ज्या माणसानं चार वर्षं बाहेर गेलेले चेंडू आणून दिले, त्याला याहून चांगलं मैदान कुठून मिळणार? त्यानं पोरांना डावच तसा शिकवला. "म्होरं गडी आला की बांधावर हाना आन् बाजूनं पळा. चेंडू तुमच्या पायात येतोय." आणि येईही. पोरं त्यात तरबेज झाली. दुसरा नियम हाताचा. चेंडूला हात लागला की हैबतराव शिट्टी फुंकून त्या पोराला खाचराला पाच फेरे मारायला लावी.

या वैशाखात खडकीच्या एका शाळेनं सामन्याला बोलावलं. संघ एसटीनं गेला. मैदान मोठं, हिरवं, चुन्याच्या रेघा मारलेलं, आणि बांध कुठंच नाही.

पहिल्याच मिनिटाला पुढच्या पोरानं शिकवल्याप्रमाणं चेंडू बाजूला हाणला आणि स्वतः सुसाट पुढं पळाला. चेंडू रेघ ओलांडून गेला, रस्ता ओलांडून गेला आणि एका बंगल्याच्या फाटकाशी थांबला. पोरगं गोलापुढं उभं राहून त्याची वाट बघत राहिलं. दुसऱ्यानं तेच केलं, तिसऱ्यानंही. मग खडकीच्यांचा चेंडू बाहेर गेला आणि पंचांनी आमच्या पोराला तो हातानं आत फेकायला सांगितलं. पोरगं हात मागं बांधून उभं. पंच ओरडले, तरी हात सुटेनात. शेवटी ते रडकुंडीला येऊन म्हणालं, "आमचं मास्तर फेरे मारायला लावत्यात."

अकरा गोल झाले, सगळे एका बाजूचे.

त्या दिवशी आमच्या संघात एकच माणूस चोख खेळला, तो म्हणजे हैबतराव. चेंडू बाहेर गेला की सवयीनं त्याचे पाय धावत आणि तो चेंडू आणून देई. खडकीच्या मास्तरांनी त्याला दोनदा 'थँक्यू' म्हटलं. हे त्यानं घरी येऊन स्वतःच सांगितलं, आणि अभिमानानं सांगितलं. हरायचं कारण मात्र त्याला एसटीतच सापडलं होतं. चूक शिकवणाऱ्याची नव्हती. चूक बांधाची होती.

"आबा," उंबऱ्याशी उभी असलेली त्याची लेक जया म्हणाली. ती सातवीत होती आणि घरात तिचंच डोकं थंड असे. "बांधाच्या हातभर आतनं चुन्याची रेघ मारली तर? चेंडू रेघेबाहेर गेला की गेला."

हैबतरावानं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "मैदान बारीक हुतंय, बाय. खडकीचं केवढं व्हतं तुला काय ठावं. दोन खाचरं एक केल्याबिगर त्या मापात येत न्हाई."

"खालचं खाचर हातभर खोल हाय," सगुणाबाई म्हणाली. "पोरं काय उतारावर खेळनार?"

"माती वढून सपाट करायची. उद्या सकाळी येत्यात पोरं, घरनं कुदळी घिऊन. त्यांच्या बापांनी व्हय म्हनलंय."

"म्हननारच की. गेल्या साली माझा बांध खचला तवा घमेलं घिऊन एक बाप्या आला न्हाई. फोडायला अकरा कुदळी."

"तुला खेळातलं काय कळतंय?"

"मला भातातलं कळतंय. वर्साला घरात चौघं खात्यात ते त्या खाचरातलं. तुमचं पोलीस येनार हायेत का पोतं घिऊन?"

तुळजाबाईचा अडकित्ता थांबला. वर्षाचं भात म्हटल्यावर तिला तमाशापेक्षा फुटबॉल महाग वाटायला लागला असावा. "हैबत्या, भाताला हात लावू नगंस," ती म्हणाली.

"आये, गावाचं नाव हाय ह्यात. पुढल्या साली खडकीला जाऊन फेडायचंय. मी सबूद दिलाय पोरास्नी. उद्या सकाळी बांध फुटनार." त्यानं चेंडू उचलला, कानाशी नेऊन दाबून पाहिला आणि खाली ठेवला.

सगुणाबाई आत गेली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतली लाकडं मागं ओढली आणि हात धुतले. खुंटीवरचं घोंगडं काढलं, दुरडीत पीठ, मीठ, मिरच्या आणि एक तवा ठेवला. जयाला तिनं घागर घ्यायला सांगितली. मग बाहेर येऊन ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "मी आन् जया आजपास्नं त्या बांधावर ऱ्हानार, लावनी हुईपातुर. तितंच खोप घालतो. आत्याबाई, तुमची भाकर मी तितनं धाडीन. ह्यांची धाडनार न्हाई."