डोळ्याच्या गोळ्या

त्या सकाळी फोनवर बायचा नंबर दिसला आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झालो, "बाय, या खेपेच्या बोंबलांत वाळू होती हां. सख्ख्या भावाला तरी झटकून देत जा." पलीकडे तिचा मुलगा प्रकाश होता. त्याने माझं गाऱ्हाणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मामा, आई गेली." बंदरावर निघताना दारातच कोसळली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं... मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. डहाणूच्या किनाऱ्यावर राहायची, ओली मासळी गावात विकायची आणि आठवड्यातून एकदा सुक्या मासळीची टोपली घेऊन उधव्याच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक गुजराती बोललं तर गुजराती, वारली बोललं तर वारली, आणि भाव पाडून मागितला तर तिन्ही भाषांत बहिरी. मी तलासरीच्या एका शाळेत क्लार्क. घरातला शिकलेला म्हणून माझा मान, पण बायला माझं शिक्षण कधी पटलं नाही. "एवढं शिकलास आणि पापलेट घेताना तोंड बघतोस विकणारीचं. डोळा बघ माशाचा." डोळा फुगीर, चकचकीत असला तर घ्यायचा, आत बसलेला, दुधाळ असला तर खाली ठेवायचा. बास, एवढंच शास्त्र.

गेल्या वर्षी ती सुकी करंदी मागणाऱ्याला तिच्याहून बारीक जवळा देऊ लागली, तेव्हा मी तिला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. कॉम्प्युटरवर केशरी गोळा आणि त्यात लाल धागे. बाय म्हणाली, "डॉक्टर, मी ताजी की शिळी तेवढं सांगा. मला बाजार आहे." डॉक्टर हसले. तिला बाकावर डोळे मिटून बसवलं आणि मला आत बोलावून मात्र हसले नाहीत. धागे जागोजाग आवळलेत, इथे रक्ताचा ठिपका आहे, म्हणाले. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या बघायला मिळतात त्या इथेच. इथे असं दिसतंय तर मेंदूतल्याही सुखात नसणार. पक्षाघाताचा धोका आहे, आजच ब्लडप्रेशर तपासा. तपासलं. नर्सने बाकावरच पट्टा बांधला आणि आकडा आत येऊन सांगितला, फारच वर होता. गोळ्या मिळाल्या, रोज एक, जन्मभर. आणि मीठ कमी.

बाहेर आलो तर बाय मिटल्या डोळ्यांनी विचारते, "काय बोलला रे?" आमचे वडील लकव्याने चार वर्षं खाटेवर होते. बायनेच त्यांचं सगळं केलं. तो शब्द तिच्या घरात कुणी उच्चारत नसे. शिवाय दुपारचे दोन वाजले होते आणि मला भूक लागली होती, हेही लिहून टाकतो. मी म्हटलं, "काही नाही गं, चष्मा लागेल. आणि या डोळ्याच्या गोळ्या. मीठसुद्धा डोळ्याला वाईट." बाय म्हणाली, "मिठाने डोळे जात असते तर अख्खा किनारा काठी टेकत फिरला असता."

चष्मा आला. करंदी करंदीसारखी दिसू लागली. दिवाळीत गेलो तर ती ऐटीत सुईत दोरा ओवत होती. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, "त्या सोडल्या कधीच. डोळा बरा झाला, मग कशाला?" मी असा काही भडकलो... हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं, तुझ्यासाठी रजा टाकून फिरलो म्हणून ऐकवलं. ती शांतपणे दोरा ओढत म्हणाली, "दिसतंय ना मला? मग ओरडतोस कशाला?" आता सांगा, यात तिचं काय चुकलं होतं? मी दिलेल्या माहितीवर तिने अगदी बरोबर निर्णय घेतला होता. खरं सांगायला तेव्हाही जागा होती. पण सणाचा दिवस, घरात माणसं... पुढच्या रविवारी निवांत सांगू, असं ठरवलं. मग रविवार येत गेले. शाळेत मी दुसऱ्यांच्या अर्जात एक कानामात्रा सुटली तर परत पाठवतो.

दिवसकार्य झाल्यावर प्रकाशने तिच्या चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं, "मामा, तुम्हीच करून दिलेला." उघडलं. काच स्वच्छ पुसलेली, आणि खाली घडी घालून ठेवलेली गोळ्यांची पट्टी, अर्ध्याहून जास्त भरलेली. फेकली नव्हती तिने. पुन्हा कधी डोळा बिघडला तर असावी, म्हणून ठेवली असणार.

ते घर आता आमच्या कपाटात आहे. परवा बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ती तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतंत तरी बायने गोळ्या घेतल्याच असत्या असं नाही. ती कुणाचं ऐकणारी होती? ... पण तुम्ही सांगितलं असतंत ना, तर हे मी तुम्हांला मनापासून म्हटलं असतं."