लॅपटॉपच्या कपाळावरचं कुंकू

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षरही वेडंवाकडं येईल, त्याची माफी असावी. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात करवेना.

मी मानपाड्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घरात मी एकटी राहिले. दोघींचा भात लावायची सवय लवकर जाईना. उरलेला सकाळी परतून डब्यात न्यायचे. पावसाळ्यात मला टायफॉईड झाला, ते तिला कळवलं नाही. फोनवर म्हणायचे, बरी आहे. पुढे शेजारच्या वहिनींच्या बोलण्यातून तिला ते कळलं. मग तिने एकच धरलं. ‘आई, तुझ्या आवाजावर माझा भरवसा नाही. मला तुझं तोंड दिसलं पाहिजे.’

माझा फोन बटणांचा. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. पैसे वहिनींनी दिले, दर पगाराला थोडे थोडे फेडायचे ठरले. मुलगी देत होती, पण तिचं तिकडचं भाडंच केवढं, मी नको म्हटलं. त्या लॅपटॉपमध्ये फुकट मिळणारी सिस्टीम होती. लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही घ्यावी, कुणीही त्यात दुरुस्ती करावी. दुकानदाराने आधीच सांगितलं, ‘ताई, यात कॅमेरा चालत नाय, नंतर भांडायला येऊ नका.’ मुलगी म्हणाली, घे तू, मी चालू करून देते.

इंटरनेट वहिनींच्या घरचं, भिंतीपलीकडून येतं. कामावरून आले की लॅपटॉप उघडायचा, शेजारी फोन स्पीकरवर ठेवायचा. तिचं तोंड मला स्क्रीनवर दिसायचं, माझ्या जागी तिला काळा चौकोन. ती सांगायची, कॅमेऱ्याचा डोळा जागेवर आहे, पण त्याने पाहिलेलं कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारा ड्रायव्हर नीट बसलेला नाही, तो बसवायचा.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे मला एबीसीडी नाही. वहिनींनी प्रत्येक बटणावर पट्टी चिकटवून त्यावर मराठीत बी, सी, डी लिहून दिलं. मुलगी एकेक अक्षर सांगायची, मी शोधून दाबायचे. एका फाईलमध्ये काही ओळींच्या आधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळी होती. जाळी असली की ती ओळ कॉम्प्युटर सोडून देतो. कॅमेऱ्याची ओळ तशीच बंद पडलेली होती. जाळी खोडायची, शेवटी एक शब्द घालायचा आणि लॅपटॉप बंद करून परत चालू करायचा. मी जाळीबरोबर शेजारचं अक्षरही खोडायचे. ती रागवत नसे. ‘पुन्हा वाच. सावकाश,’ म्हणायची. मी तिला बाराखडी अशीच शिकवली होती.

लॅपटॉप बंद होऊन चालू व्हायला वेळ लागायचा. तेवढ्यात ती ऑफिसमधलं सांगायची, मी विचारायचे, डब्यात काय नेलंस. कधी दोघी नुसत्या थांबायचो. फोनमधून तिच्या पंख्याचा आवाज यायचा. मला ते दिवस आवडले. कॅमेरा चालू व्हावा असं वाटायचं, आणि आज नको असंही वाटायचं.

एका संध्याकाळी कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लागला. काळा चौकोन गेला. पण त्या जागी लालसर धुकं, त्यात मी कुठेच नाही. मुलगी म्हणाली, रंगाचं काहीतरी चुकलंय. पुन्हा फाईल, पुन्हा जाळ्या. काही फरक पडला नाही.

रविवारी लॅपटॉप पुसायला घेतला आणि हात थांबला. दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर त्याचीही पूजा केली होती. कुंकू कुठे लावायचं? स्क्रीनच्या वर मधोमध एक बारीक गोल होता, कपाळावर असावा तसा. ओलं बोट तिथेच टेकवलं होतं. ते कुंकू सुकून काचेवर बसलेलं.

पुसून तिला फोन केला. कुंकवाचं सांगितलं, पुन्हा बघ म्हटलं. ती आधी खूप हसली. ‘अगं आई, सगळा ड्रायव्हर उचकटून पाहिला मी. त्याच्या डोळ्यात कुंकू घातलंस होय?’

मीही हसत होते. मग ती हसायची थांबली. बराच वेळ बघत राहिली.

‘किती वाळलीस गं. केस कुठे गेले सगळे?’

मी पदर डोक्यावर घेतला. ती म्हणाली, ‘घेऊ नकोस. दिसू दे.’

आता ती रविवारी मला बघते. नीट जेवतेस ना, म्हणते, गालांकडे पाहते, समाधान झालं की ठेवते. दुरुस्त करायचं काही उरलं नाही, त्यामुळे बोलणंही लवकर आटपतं. मधल्या दिवसांत कधी मी एकटीच कॅमेरा लावते. हिरवा दिवा लागतो आणि समोर मी दिसते.

परवा पगार झाला. शेवटचे पैसे घेऊन वहिनींकडे गेले. त्यांनी ते न मोजता डब्यात टाकले. ‘संपले बरं का,’ त्या म्हणाल्या, ‘आता पैशाच्या निमित्तानं नको, अशीच येत जा.’ मी हो म्हटलं. सगळे पैसे फिटले.