अगाफिया दोनदा विमानतळावर

किशिनाऊ शहराच्या ट्रॉलीबसमध्ये अगाफियाने सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली. कुठली बस कुठे वळते, कुठल्या थांब्यावर किती गर्दी असते, सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त होऊन चारच महिने झाले होते.

तिची मुलगी लिलिया इटलीत म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. सुट्टी मिळेना, म्हणून तिने मुलांना ओळखीच्या एका बाईबरोबर हिवाळ्यापुरतं आईकडे धाडलं. डेनिसा सहा वर्षांची, लूका तीन. दोघांनी आजीला फक्त फोनवर पाहिलेलं. विमानतळावर त्या बाईने मुलं आणि बॅग अगाफियाच्या हवाली केली, आणि नवऱ्याच्या गाडीत बसून ती निघूनही गेली.

लूकाने लगेच भोकाड पसरलं. "नान्ना! नान्ना!"

तिकडे आजीला नोन्ना म्हणतात, एवढं अगाफियाला ठाऊक होतं. तिला भरून आलं. "इथेच आहे रे माझ्या सोन्या!" म्हणत तिने त्याला उचललं, मुके घेतले, किल्ल्यांची जुडी वाजवून दाखवली. पोरगं आणखीच बेंबीच्या देठापासून रडायला लागलं.

बसमध्येही तेच. निम्म्या वाटेत ड्रायव्हर ओरडला, "उतरा सगळे! पुढे रस्ता बंद. आज शहराचा सण, विसरलात काय?"

अगाफिया खरंच विसरली होती. दर वर्षी चौदा ऑक्टोबरला हेच वाक्य ती स्वतः लोकांना ऐकवायची! आता खालच्या रस्त्याने जाणारी बस पकडायची, असं ठरवून तिने रस्ता ओलांडला. खांद्यावर लूका, एका हाताला डेनिसा, दुसऱ्या हातात बॅग. समोर उभ्या असलेल्या बसमध्ये ती चढली. पाटी वाचायला सवड कुणाला होती! कुणीतरी जागा दिली. ती लूकाचं नाक पुसत, त्याची समजूत घालत राहिली. बस रिकामी झाली तेव्हा तिने मान वर केली.

समोर विमानतळ.

डेनिसाचा चेहरा उजळला. "आपण परत मम्माकडे चाललो?" आणि ती धावत सुटली. अगाफियाने तिला काचेच्या दाराशी गाठलं.

"नाही गं बाळा."

"मग इथे का आलो?"

"आजी चुकली."

"पण मम्मा म्हणाली, तू बसमध्येच काम करायचीस."

"हो. सत्तावीस वर्षं."

"आणि तरी चुकलीस?"

हसावं की रडावं हे डेनिसाला कळेना. शेवटी ती रडली. अगाफिया बाकावर बसली. आपल्याला काय झालंय, हे तिला स्वतःलाच उमगत नव्हतं. लूका पुन्हा किंचाळला, "नान्ना!"

"आहे ना रे राजा, तुझी नोन्ना."

"तो तुला नाही बोलावत," डेनिसा हुंदके देत म्हणाली. "नान्ना म्हणजे झोप. त्याला झोपायचंय. मम्माने अंधारातच उठवलं आम्हाला."

तासभर पोर झोप मागत होतं, आणि अगाफिया त्याला किल्ल्या वाजवून दाखवत होती. तिने त्याला कोटात गुंडाळून आडवं घेतलं. पाच मिनिटांत तो तोंड उघडं टाकून झोपला.

"आता मी विचारते," म्हणत डेनिसाने डोळे पुसले आणि बसच्या पायरीवर चढून इथल्या रोमानियन भाषेत मोडकंतोडकं ड्रायव्हरला विचारलं, "काका, ही कुठे जाते?"

"शहरात. पण आज अर्ध्यापर्यंतच."

"आजी, चालेल?"

"चालेल बाई."

पुढचं सगळं ते पायीच गेले. बंद रस्त्यावर बँड वाजत होता, माणसं गोल धरून नाचत होती. लूका त्यातही झोपलेलाच. अगाफियाने डेनिसाला चीज भरलेली गरम पोळी, प्लाचिंता, घेऊन दिली. एका हाताने खात, दुसऱ्या हाताने डेनिसा बॅग ओढत राहिली. अगाफियाने बॅग मागितली तर देईना.

घरी पोचायला तीन वाजले. लिलियाचे सात फोन येऊन गेले होते. आठवा अगाफियाने उचलला.

"आई, कुठे होतीस? अर्ध्या तासाचा रस्ता!"

"शेवटी रस्ता हिनेच विचारला, हिलाच विचार," म्हणत अगाफियाने फोन डेनिसाकडे दिला.