थंड इंजिनातला कोमट डबा

पाराग्वे नदीकाठच्या आमच्या पिलार गावात गाडीच्या वायरिंगचं दुखणं निघालं की लोक निमिया ओवेलारकडे जातात. बापाचे लाउडस्पीकर दुरुस्त करता करता ती हे काम शिकली. पन्नाशी उलटली, पण कोडं पडलं की अजूनही जेवण विसरते. तिच्या दाराशी मी चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकते, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी सुईण प्लासिदाबाई आली. गाडी दोरीने ओढून आणलेली.

"दोन बॅटऱ्या बदलल्या गं! रात्री उभी केली की सकाळी मेलेली. परवा तर बाळंतिणीकडे पोर माझ्याआधी पोचलं!"

"म्हणजे आतलं कुणीतरी चोरून वीज पितंय," निमिया म्हणाली. डोळे चमकले तिचे.

तिने चार्ज केलेली बॅटरी बसवली, तिची एक वायर सोडवून मध्ये छोटा दिवा जोडला. चावी काढलेली, दारं बंद, तरी दिवा पेटला, म्हणजे वीज कुठेतरी जातच होती. मग एकेक करत सगळे फ्यूज काढले. दिवा ढिम्म, विझेना.

वायर पुन्हा सरळ जोडून ती माझ्याशेजारी चहासारखं कढत माते पीत बसली. तास गेला. प्लासिदाची टकळी चालूच.

"त्यात ते मेलं मांजर! रोज रात्री बॉनेटखाली घुसतं. सकाळी पत्रा बडवून हाकलते."

"कुठे झोपतं?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना मावशी, नेमकं कुठे?"

"त्या खालच्या गोल डब्यावर. रोज तिथंच."

निमिया उठली. इंजिन चाचपलं, बर्फासारखं गार. मग त्या गोल डब्यावर, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर, तिचा हात थबकला.

"अगं, हात लावून बघ!"

मी लावला. कोमट! गाडी तर सकाळपासून सुरूच झाली नव्हती.

तिने दिवा पुन्हा जोडला, अल्टरनेटरची जाड वायर काढली. दिवा विझला. वीज उलटी फिरू न देणाऱ्या आतल्या सहा डायोडांपैकी एक गेला होता. ती वायर फ्यूजच्या पेटीतून जातच नव्हती, म्हणून चोर कुणाला सापडला नव्हता.

"माझ्या मांजराला कळलं, तुम्हा शहाण्यांना नाही!"

"ते रोज दाखवत होतं मावशी. तूच पत्रा बडवत होतीस."

निमियाने डायोड बदलून दिला. शुक्रवारी दूरच्या वस्तीवरून प्लासिदाला बाळंतपणाचा निरोप आला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. जुळ्या मुली झाल्या, दोघी प्लासिदाच्या हातांत. हे सांगायला ती धावत आली, तेव्हा निमिया तो गेलेला डायोड भिंगाखाली धरून बसली होती.

"जुळ्या? वा! पण मावशी, सहांपैकी हाच का गेला असेल गं?"